राजा पाडायचा नाही

घरापासून लांब, मालेगावात मला खोली देणारे वऱ्हाडी काका बुद्धिबळ खेळताना प्याद्यांशीही बोलतात. "सरक भाऊ, तुयी वाट मोकळी हाय." टीव्हीवर सुटाबुटातला खलनायक न बघताच घोडा सरकवून 'शह' म्हणाला, की ओरडतात, "पटाकडं तं पाह्य लेका!"

मालिकांत हा खेळ चष्मेवाल्या हुशारांचाच. मी सातवीतून शाळा सोडलेला. काल काकांकडून हरलो आणि वाटलं, आता ते मला ढ समजणार. गॅरेजमालकाकडे माझ्या कामासाठी शब्द तेच टाकणार होते. टीव्हीतला हरणारा करतो तसा मी बोटाने माझा राजा आडवा केला.

काकांनी तो उचलून उभा केला. "त्याले काहून पाडतं बे? डाव हरला, मेला थोडी! उद्या आंघोळ करून तयार राहजो, गॅरेजात जाऊ. आता मांड."

मी घाईने मांडलं. उंट हत्तीच्या घरात गेला, तरी ते नुसते हसले.