वैनीचं रडून झाल्यावर

मालिकेचा शेवटचा भाग या विषयावर मी कुणाशीही भांडू शकते. घरातल्यांना हे ठाऊक आहे, म्हणून एखादी मालिका संपत आली की ते मला चहा टाकायला आत पाठवतात. वर्षभर ज्या बाईला उन्हातान्हात हिंडवलं, तिला शेवटच्या पाच मिनिटांत सासू दार उघडते, ओवाळते, आणि सगळे फोटोला उभे राहावेत तसे हसत उभे राहतात. माझं डोकंच फिरतं. बघायचे तर मधले भाग बघावेत. मधल्या भागांत माणसं खरी वागतात, कारण तेव्हा लिहिणाऱ्याला घरी जायची घाई नसते.

माझा सगळ्यात आवडता भाग असाच मधला होता. हिंदी मालिका होती, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. मोठ्या घरातल्या धाकट्या सुनेवर दागिन्यांच्या चोरीचा आळ येतो, सासू तिला घराबाहेर काढते, आणि पुढं ती गावोगाव आसरा शोधत फिरते. त्या भागात ती नुसती एक खोली बघायला जाते. घरमालक विचारतो, गाव कुठलं, घरचे कुठं असतात, एकटीच का. ती उत्तरं देते. तो हातातली किल्ली परत खिशात टाकतो आणि म्हणतो, खोली सध्या रिकामी नाही. संपलं. कुणी रडलं नाही, मागं संगीत वाजलं नाही. वडील मात्र हसले. शहरात आले तेव्हा तेही असेच खोल्या बघत फिरले होते, आणि आडनाव सांगितलं की किल्ली खिशात परत जाताना त्यांनी पुष्कळ वेळा पाहिली होती.

टीव्ही आमचा होता. वडील चिकलठाण्याच्या एका कंपनीत होते, आणि एका दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट संच आणला. मुकुंदवाडीच्या अंगाला आमच्या दोन पत्र्याच्या खोल्या. मालिकेच्या दिवशी आई सतरंजी अंथरायची आणि आळीतल्या बाया यायच्या. सगळ्यांत पुढं बसायची ती समोरच्या घरातली वैनी.

वैनीचं सासर आणि आईचं माहेर एकच, पिशोरच्या पलीकडचं एक लहान गाव. गावच्या नात्यानं आई तिची नणंद लागायची. ती आईला अक्का म्हणायची, आई तिला वैनी. वैनीच्या घरी पूर्वी मेंढरं होती. मग शेती आली, मग नवरा कंपनीत लागला. गावात तिच्या जेठाचा, म्हणजे थोरल्या दिराचा, शब्द चालायचा. इथं शहरात वैनी आमच्या घरचा चहा प्यायची. गावाकडनं पाहुणे आले की मात्र तेवढे दिवस तिला चहानं पित्त व्हायचं. पाहुणे गेले की पित्तही जायचं. आई यावर कधी काही बोलली नाही. मी बोलायचे, आणि धपाटा खायचे.

पण रडावं तर वैनीनंच. आमच्या आळीत तिच्याएवढं मनापासून कुणी रडत नसे. त्या सुनेला घराबाहेर काढलं त्या संध्याकाळी ती जेवली नाही. पुढं तर तिनं नवस बोलला. त्या बाईला तिचं घर परत मिळालं तर देवीला नारळ फोडीन आणि आळीत साखर वाटीन. टीव्हीतल्या बाईसाठी नवस! आम्ही पोरी हसून लोळलो. आई हसली नाही. एवढी माया करणारी बाई वाईट कशी असेल, असं तिला वाटलं असणार.

मालिका शेवटाला आली ती ऐन संक्रांतीच्या सुमाराला. आणि त्याच संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. आमच्याकडं आनंदाला पारावार नव्हता. इतकी वर्षं ज्यासाठी लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, ते झालं होतं. वडिलांनी कंपनीत पेढे नेले आणि डबा अर्धा भरलेलाच परत आणला. तरी ते खूश होते.

दोन-तीन दिवसांनी मामा आला. आईचा पाठचा भाऊ. उजवा हात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, अंगाला धुराचा वास. सगळं गाव एकमेकांना तिळगूळ देऊन गोड बोला म्हणत होतं, आणि रात्रीत त्याचं घर पेटवून दिलं होतं. कुणी पेटवलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. मामीला आणि पोरांना त्यानं बिडकीनला, तिच्या माहेरी पोचतं केलं होतं. गावातून निरोप होता, इकडं फिरकू नको. मामा एवढंच सांगत होता की कपाशीची शेवटची वेचणी राहिली आहे. त्याला घराचं कळत होतं, पण तोंडात सारखी कपाशी यायची.

वडील म्हणाले, पोलिसात जाऊ. मामा नको म्हणाला. उद्या त्यांच्याच शेजारी राहायचं आहे. मग आईनं ठरवलं. वैनीच्या जेठानं एक शब्द टाकला तर मामाला गावात कुणी अडवणार नव्हतं. आणि वैनीला विचारायचं ते शेवटचा भाग झाल्यावर. रडून झालेल्या माणसाचं मन मऊ असतं, हे आईचं गणित. त्या दिवसापर्यंत मामा आलाय हे कुणाला सांगायचं नाही, असं तिनं आम्हाला बजावलं.

शेवटच्या भागाला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामा आतल्या खोलीत खाटेवर, दाराला पडदा लावलेला. टीव्हीवर सासूला खरा चोर सापडला, ती अनवाणी धावत सुटली, सुनेला हाताला धरून घरात घेऊन आली. तिची खोली जशीच्या तशी होती. पलंगावर धुतलेली चादर. मी पोरसवदा होते, तरी मनात म्हटलं, हे खोटं आहे. घरातून काढलेल्या माणसाची चादर कोण धूत बसतं? पण बाया हुंदके देत होत्या, आणि वैनीचा तर पदर ओला झाला होता. पडद्याआड मामाला सगळं ऐकू येत होतं.

बाया गेल्या. वैनी साखरेचा डबा घेऊनच आली होती. ती आईच्या हातावर साखर ठेवत म्हणाली, "मिळालं बाई बिचारीला घर." आईनं तिला हाताला धरून आत नेलं आणि मामा दाखवला. मग आई बोलली. "वैनी, जेठांस्नी एक शब्द टाका. जागा त्याचीच हाय, छप्पर आम्ही घालतो. नुस्तं ऱ्हाऊ द्या म्हणावं."

वैनी पुन्हा रडली. खरं रडली, हे मी शपथेवर सांगेन. रडता रडताच म्हणाली, "गावातलं गडीमाणसं बघत्यात, अक्का. माझं कोण ऐकतंय तिथं? आन् ह्या भाऊजींनी तरी कशाला जायचं? हितं लई कंपन्या हायेत." आणि जाता जाता तिनं मामाच्या डाव्या हातावर साखर ठेवली. नवसाची होती, टाळायची नाही म्हणाली. मामानं मूठ मिटून घेतली. साखर घामानं चिकट झाली, तेव्हा त्यानं मोरीत जाऊन हात धुतला.

पुढच्या आठवड्यात नवी मालिका सुरू झाली. मला वाटलं, आता आपलं दार वैनीला बंद. बघते तर आई सतरंजी झटकत होती. मी भांडले. आई म्हणाली, "रडू दे तिला आणखी. कवातरी पाझर फुटंल."

मग आमच्याकडं असंच चालू राहिलं. मालिका संपायची, वैनी डोळे पुसायची, आई विचारायची. एकदा उत्तर आलं, निवडणुका होऊ द्या. एकदा आलं, जेठांची तब्येत बरी नाही. आळीत केबल आली, मालिका रोजच्या झाल्या, आणि शेवट लांबत चालले. शेवट लांबला की आईचं विचारणंही लांबायचं, याचा मला त्या मालिकांवर राग होता. अजून आहे.

मामा वाळूजला एका कारखान्यात पॉलिशच्या कामावर लागला, ठेकेदाराकडं. तिथल्या धुळीनं त्याचा खोकला वाढत गेला. मामी आणि पोरं बिडकीनलाच राहिली. सुट्टीला तो आमच्याकडं यायचा आणि शेतीचा कार्यक्रम लागला तरच टीव्हीसमोर बसायचा. मक्याची पेरणी दाखवली की चिडायचा, असं पेरत्यात व्हय, म्हणायचा, आणि मग समोर कुणी असो नसो, पेरणी कशी करायची ते सांगत बसायचा. मालिका लागली की उठून ओट्यावर जाऊन बिडी ओढायचा. कोणाचं काय झालं हे त्यानं कधी विचारलं नाही. गावाकडचं त्याचं पडीक रान दुसऱ्यानं बांध कोरून आत घेतलंय, हे त्याला सिल्लोडच्या बाजारात भेटलेल्या माणसानं सांगितलं होतं. ते त्यानं आईला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

तो गेला तो एका पावसाळ्यानंतर, घाटीच्या सरकारी दवाखान्यात. वडिलांनी त्याला आमच्या घरी आणलं. ज्या खोलीत सतरंजी अंथरायची तिथंच ठेवला. टीव्हीचं शटर कुणीतरी ओढून घेतलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे.

वैनी धावत आली. तिनं मामाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि असा टाहो फोडला की आळी गोळा झाली. भाऊजी गाव गाव करत गेले, असं ती सगळ्यांना सांगत होती. मग ती आईच्या गळ्यात पडली. म्हणाली, "अक्का, भाऊजींस्नी गावाकडं न्या. माती तरी गावात होऊ द्या. जेठांशी मी बोलते, माझी जबाबदारी. कोण नाय म्हणतंय ते मी बघते."

ती बोलली असती. गावानंही ऐकलं असतं.

आईनं तिचे हात हळूच गळ्यातून काढले. तिला रागही आला नव्हता, निदान दिसला नाही. म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या, वैनी. मी जित्या माणसासाठी जागा मागत व्हते."

मामाचं सगळं आम्ही शहरातच केलं.