पुळणीतली काळी माती

नवऱ्याच्या पट्ट्याचे वळ पाठीवर घेऊन मी शिरोड्याजवळच्या माहेरी आले, तेव्हा भावाने समुद्राकडचा पुळणीचा तुकडा दाखवला. "ह्यो जागो तुका. भाजी कर, इक, खा. म्होरल्या वर्साच्या शिमग्यापर्यंत तुजा तू भागवलंस तर रव. नायतर फोंडाघाटाक घोवाकडे परत जा. जल्मभर कोण पोसतलो?" आई बाजूला बसून मासे कापत होती. म्हणाली, "बरोबर सांगता तो."

पुळण म्हणजे नुसती वाळू. कळशी ओतावी, वळून बघावं, तर कोरडं! पाणी मुळांना भेटायला थांबतच नव्हतं, सरळ खाली पळायचं. आणि मला पाणी मिळायचं ते माडांचं शिंपण झाल्यावर उरेल तेवढंच.

आमच्याकडे माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं, म्हणजे सोललेली जाड सालं, पुरतात, ओल धरून ठेवतात म्हणून. मला वाटलं, वाफ्याखाली घालून बघू. घरची सोडणं मागितली तर वहिनी म्हणाली, "मगे न्हाणीच्या चुलीत काय घालू? तुजा नशीब?" म्हणून मी खाडीवर गेले. दोऱ्या वळणाऱ्या बायका तिथे काथ्यासाठी सोडणं कुजत घालतात, त्यातली टाकलेली डोक्यावरून आणली. भिजून काळी, मऊ झालेली. म्हटलं, ही तर आयतीच पाणी पिऊन बसलीयत. काय ती माझी अक्कल! वहिनी खाडीकाठचीच. रोज पडवीत बसून माझ्या खेपा बघायची आणि गालात हसायची.

त्या सोडणांवर लावलेल्या मिरचीची पानं कडेने करपली, मग गळली. मी एक सोडण उपटून चोखलं. खारट!

"खाडीचा सोडण मिरचेक चलता खंय?" वहिनी म्हणाली. "आमच्या माहेरच्या पोरांक पण ठावक आसा."

"मगे सांगूक नाय कित्याक?"

"तू इचारलंस खंय?"

भावाने वाफ्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सुकी मिरची, झाडावरच तयार.' मुंबईच्या चुलत भावंडांनी हसरे चेहरे पाठवले. त्यांच्यातल्या एकाही मेल्याने मला विचारलं नाही की तू जेवतेस ना.

मी हटले नाही. ती सोडणं पावसाळाभर उघडी टाकली, मीठ धुऊन जाऊ दिलं. रस्त्यावरचं शेण वेचलं. काजूच्या बागांतला पाला लोक जाळायच्या आधी ओढून आणला आणि कुजवला. वहिनी नाकाला पदर लावून मला 'शेणाची राणी' म्हणायची. म्हणू दे! पाऊस सरल्यावर खाली सोडणं अंथरली, वर शेण आणि कुजका पाला वाळूत कालवून भरला.

आणि पाणी थांबलं हो! दुसऱ्या दिवशी बोट खुपसलं तरी ओल लागायची. सोडणं पाणी पिऊन घ्यायची आणि हळूहळू सोडायची, वरच्या काळ्या खताने वाळूला धरून ठेवलेलं. भावाने पंप बिघडल्याचं सांगून माझी पाण्याची पाळी मुद्दाम चुकवली, तरी माझी तांबडी भाजी मान टाकेना. मी बाजारात भाजी विकू लागले, घरामागे वेगळी चूल मांडली. माझ्या मिठा-तांदळाची मी मालकीण झाले. त्या चुलीवरची पेज मी रडत प्याले, आनंदाने.

शिमगा तोंडावर आला होता. एका सकाळी भाऊ वाफ्यात उतरला, कोपरापर्यंत हात घालून माती काढली, मुठीत दाबली. गोळा झाला. "बरी केलंस गो माती," म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने मला बरं म्हटलं होतं. मी खुळी, दिवसभर त्यावरच खूश.

दुसऱ्या दिवशी तो गडी, कुदळ आणि घमेली घेऊन आला आणि वाफा खणायला लागला.

"काय करतस रे?"

"माडांच्या आळ्यात घालतंय. सुकतत ते."

"जागो माजो आसा!"

"आसाच. जागो खंय पळता? तुका जागो दिलंय. माती दिलंय म्हणूक नाय."

मी वाफ्यातच बसले. त्याने माझ्याभोवतीची माती काढली. मी तोंडाला येईल ते बोलले, तुझं वाटोळं होऊ दे म्हणाले. तो घाम पुसत खणत राहिला. तेवढ्यात आई आली आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आई आहे, बोलेल.

"अरे, त्या कोनशाक खण," आई कोपऱ्याकडे बोट दाखवत त्याला म्हणाली. "थंय जास्त घातल्यान हा तिना." मग माझ्याकडे वळली. "वायच हात लाव गो घमेल्याक. त्याची कंबर दुखता."

आईने सांगितलं म्हणून, देवाशप्पथ, माझे हात पुढे झाले.

दुपारपर्यंत पांढरी वाळू उघडी पडली. भावाने विहिरीवर हात धुतले, खिशातून फोन काढला आणि माझ्या समोरच माझ्या नवऱ्याला लावला. "भावोजी, येवा," म्हणाला. "तिका घेवन जावा."