मावशीच्या नावाचे गहू

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो 'एवढंच ना?' म्हणून हसला असता — आणि तेच मला नको होतं.

इथे परदेशात, बुकित तिमाहला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कार्मेला राहायची. सत्तरीची, इटलीतल्या सिसिलीची. लेक बँकेत, सतत फिरतीवर. आमची गट्टी जमली ती गव्हामुळे. ईस्टरच्या आधी ती ताटलीत कापसावर गहू पेरायची, ओट्याखालच्या अंधाऱ्या कपाटात ठेवायची. फिकट पिवळे कोंब यायचे. मी म्हटलं, अगं बाई, हे तर आमचं घटातलं धान! ते कोंब लाल फीत बांधून ती गुरुवारी चर्चमध्ये ठेवायची. गुड फ्रायडेला उपास. तिच्या गावी त्या दिवशी घंटासुद्धा वाजत नाहीत; सगळं गाव काळे कपडे घालून मेरीच्या मूर्तीमागे मुकाट चालतं. मुलगा गेलेल्या बाईला एकटं चालू द्यायचं नसतं, म्हणायची.

एका वर्षी तिनं दोन ताटल्या पेरल्या. एक माझी. शुक्रवारी मिरवणुकीला चल, म्हणाली — चर्चमध्ये गर्दी असते गं, पण माझ्या शेजारी कुणी नसतं. मी हो म्हटलं. मग मैत्रिणींचं त्याच शुक्रवारी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं. आता हिला काय सांगायचं? खरं सांगायला काय धाड भरली होती मला?

मी म्हटलं, आम्हाला सुतक आहे, देवाच्या दारात जाता येत नाही. मावशी गेली.

मावशी नाशिकला ठणठणीत होती. सकाळीच फोनवर कैऱ्यांची चौकशी करत होती. आणि मावशीचं दहा दिवसांचं सुतक आपल्याला नसतंच मुळी — पण कार्मेलाला काय ठाऊक? तिनं मला जवळ घेतलं. रडली. मी — मीही डोळे पुसले.

शुक्रवारी समुद्रावर कोळशावर काडीला लावून भाजलेलं चिकन साते पोटभर खाल्लं, दात काढून हसले. संध्याकाळी लिफ्टमध्ये नेमकी तीच. काळा ड्रेस, उपासानं उतरलेला चेहरा. माझ्या कपड्यांना कोळशाचा, चिकनचा वास. तिला आला नसेल? तिनं माझ्या हातावर मिरवणुकीतल्या मेणबत्तीचं थोटूक ठेवलं. तुझी ताटली मावशीच्या नावानं ठेवली, ही मेणबत्तीही तिच्याच नावानं लावली, म्हणाली. आज मावशीच चालली माझ्या शेजारी.

मी थँक्यू म्हटलं. एवढंच.

त्याच वर्षी ती गावी परत गेली. दोन ओळींचा मेसेज करून मी खरं सांगू शकले असते. वर्षं गेली. मग तिच्या लेकीनंच कळवलं, आई गेली म्हणून.

गेल्या पावसाळ्यात मावशी खरंच गेली. तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. नवरा ऑफिसला, घरात मी एकटी. देव्हाऱ्याच्या खणातून ते थोटूक काढलं, काडी ओढली. ती बोटापर्यंत जळत आली. मी ती विझवली.

मावशीच्या नावानं ते आधीच जळलं होतं — ती जिवंत असताना.