सात किलोच्या आत

शेवगावात माझं भांड्यांचं दुकान आहे आणि आयुष्यभर मी वजन विकत आलो आहे. गिऱ्हाईक पातेलं उचलतं, हातात झेलून बघतं आणि नाक मुरडतं, "हलकं वाटतंय हो." मग मी आतून जाड पत्र्याचं काढतो. ते हाताला जड लागलं की त्याचा चेहरा खुलतो. हलकं भांडं म्हणजे फसवणूक, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मुलीच्या रुखवतातला हंडा उचलायला दोन माणसं लागली की बापाची मान ताठ होते. असा मी माणूस, पन्नाशी उलटल्यावर टायटॅनियमचा मग विकत घेऊन बसलो. त्या मगाची थोरवी एवढीच, की तो हातात आहे की नाही ते कळत नाही.

हे कसं झालं ते सांगतो. डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून चालायला सांगितलं. शेवगावात चालणं अवघड आहे. दर दहा पावलांवर कुणीतरी "या, च्या घेऊ" म्हणतं आणि साखर होती त्याहून वाढते. म्हणून मी नगरच्या एका ट्रेकिंग ग्रुपात गेलो. पहिलाच मुक्कामी ट्रेक रतनगडाचा होता. त्याला मी लग्नाला निघावं तसा निघालो. दोन सोलापुरी चादरी, उशी, तांब्या, लोणच्याची बरणी, कपड्यांचे तीन जोड आणि वर एखादा देव असलाच तर असावा म्हणून नारळ. अर्ध्या चढावर मी जो बसलो तो उठेना.

आमच्या ग्रुपात एक दातांची डॉक्टर आहे. पंचविशीतली पोरगी, अंगानं काडी. तिनं स्वतःची सॅक पाठीवर ठेवली, माझी उचलून पोटावर अडकवली आणि म्हणाली, "काका, तुम्ही फक्त या." एवढं बोलून ती गप्पा मारत वर गेलीसुद्धा. मी मागून हात हलवत. वर गेल्यावर फोटो निघाला, त्यात सगळ्यांच्या पाठीवर सॅक आहे आणि माझ्या हातात रुमाल आहे. बायकोनं तो फोटो मोबाईलवर दोन बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "अहो, तुमची पिशवी कुठाय?"

त्या दिवशी मी ठरवलं, की पुन्हा गडावर जाईन तर माझी सॅक माझ्याच पाठीवरून जाईल. मेलो तरी चालेल, पण त्या पोरीला हात लावू देणार नाही.

तर मी वजन कमी करण्याच्या मागे लागलो. हा एक पंथच आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ग्रुपवर रोज कुणीतरी काहीतरी सोडल्याचं जाहीर करायचं. कुणी उशी सोडली, कुणी साबण सोडला, एकानं अंतर्वस्त्रांबाबत असा काही निर्णय घेतला की त्याच्या मागून चालायला कुणी तयार होईना. बाकीचे त्याखाली हात जोडल्याची चित्रं टाकायचे. हीच मंडळी विटेएवढ्या पॉवर बँका आणि फोटोसाठी उडणारा ड्रोन मात्र पाठीवर घेऊन यायची. तो ऐवज बहुधा वजनात धरत नसावेत.

मी दीक्षा घेतली. दुकानातल्या काट्यावर दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, एकेक वस्तू तोलू लागलो. दात घासायच्या ब्रशची दांडी कापली. शर्टाच्या मानेवरची चिठ्ठी कापली. टॉवेलाचा चौथा हिस्सा केला. चष्म्याचं घर बाद करून चष्मा मोज्यात ठेवला. बायको दुकानात डबा घेऊन आली तेव्हा मी बुटांच्या नाड्या तोलत होतो. तिनं डबा गल्ल्यावर ठेवला. मग म्हणाली, "त्या काट्यावर एकदा तुम्ही स्वतः पण उभे राहा." मी दुसरी नाडी काट्यावर ठेवली.

यंदा हरिश्चंद्रगड ठरला. पाचनईच्या बाजूनं चढायचं, वर राहायचं आणि दुसऱ्या दिवशी पलीकडे खिरेश्वरला उतरून तिकडूनच घरी. लीडर म्हणजे कॉलेजात शिकवणारा तरुण आहे, शिस्तीचा. त्यानं सांगून टाकलं, की पायथ्याला हुकाचा काटा लावून प्रत्येकाची सॅक तोलणार, पाण्यासकट सात किलोच्या वर असेल तर तिथंच सामान काढायचं. हा नियम कुणामुळे झाला ते त्यानं सांगितलं नाही, पण सांगताना माझ्याकडे बघितलं नाही यावरून कळलं. माझी सॅक मी साडेसहाच्या खाली आणली होती. मी शेवगावच्या बाजारपेठेतून छाती काढून चालत होतो.

आता, पाचनईला जायचं तर वाटेत कोतूळच्या पलीकडे माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं गाव लागतं. आमचा जिल्हा अवाढव्य. वडिलांनी तिला या टोकावरून त्या टोकाला दिली, ती आमच्या कापसा-बाजरीतून गेली भाताच्या मुलखात. वर्षातून एखादी भेट. तिच्या दारावरून न थांबता गेलो असतो तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं. म्हणून मी एक दिवस आधी निघून तिच्याकडे मुक्काम करायचा ठरवलं.

निघताना बायकोनं हातात कडीचा डबा दिला. हा डबा आमच्याच दुकानातला, आक्काच्या लग्नात दिलेला, झाकणावर तिचं नाव घातलेलं. पत्रा असा जाड, की अजून एक पोचा नाही. तीस-पस्तीस वर्षं तो दोन घरांमध्ये येरझारा घालतो आहे. दिवाळीत तिकडून तांदूळ भरून आला होता. आता तो परत करायचा आणि रिकामा डबा परत करायची आपल्यात रीत नाही, म्हणून बायकोनं त्यात शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या वड्या ठासून भरल्या होत्या. मी कुरकुर केली नाही. मी हिशेब केला, की आक्काच्या घरी डबा उतरवला की पुढे मी मोकळा. भांड्यांच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसानं असा हिशेब करावा, याला काय म्हणावं? जो डबा भरून जातो तो भरून परत येतो, हे मी विसरलो.

सकाळी उठलो तर डबा धुऊन पुसून चुलीपाशी ठेवलेला आणि आक्का त्यात ओंजळीनं तांदूळ ओतत होती.

"आक्का, काही देऊ नकोस. वजन वाढतंय."

"कशाचं वजन? एवढुशी तर पिशवी हाय तुजी. डोंगरात निघालास का दाढी कराया?"

मी तिला सगळं सांगितलं. सात किलोचा नियम, हुकाचा काटा, रतनगडाचा चढ, ती पोरगी, तो फोटो. वर्षभर हे मी कुणाशी बोललो नव्हतो.

आक्काचा हात थांबला. "दोनी पिशव्या पोरीनं उचलल्या?"

"दोन्ही."

"पार वर नेल्या?"

"नेल्या."

"मंग तू तिला काय दिलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. "काय म्हणजे?"

"आरं, एवढं तुजं वझं वाहिलं तिनं. अन् तिला तशीच रिकामी लावून दिलीस व्हय?"

लाज वाटण्यात माझं अख्खं वर्ष गेलं होतं. त्या पोरीला काही द्यायचं असतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आक्का उठली, फडताळातून नाचणीचे लाडू काढले, तांदळावर रचले, त्यावर खुरासणीच्या, म्हणजे आमच्याकडच्या कारळ्याच्या, चटणीची पुडी ठेवली आणि झाकण दाबून बसवलं. "लाडू तिचं हायत. वाटंत हात लावशील तर बघ."

पाचनईच्या पायथ्याला लीडरनं झाडाच्या फांदीला काटा टांगला होता. एकेकाची सॅक लागत होती, टाळ्या पडत होत्या. माझी लागली आणि फांदी वाकली. टाळ्या नाही पडल्या.

"काका," लीडर हळू आवाजात म्हणाला, "तीन किलो जास्त आहे."

मागून तीच पोरगी पुढे आली. "डबा माझ्याकडे द्या काका, माझ्यात जागा आहे." हसत हात पुढे केलेला. आता हिला कसं सांगू, की बाई, तुझाच अहेर तुझ्याच पाठीवर कसा घालू?

आम्ही जिथं चहा घेतला त्या घरच्या बाईंकडून मी एक रिकामी खताची गोणी मागून घेतली आणि सॅक उपसायला बसलो. पिसासारखी मॅट काढली. बोटभर उंचीचा स्टोव्ह काढला. जॅकेट काढलं, जेवणाची पाकिटं काढली, शेवटी टायटॅनियमचा मग काढला. "आमचे दाजी येऊन गोणी घेऊन जातील," मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या की, घर काय पळतंय व्हय?"

लीडरला राहवेना. "काका, अहो तो डबाच ठेवा ना त्या गोणीत. सगळं हलकं काढलंत आणि जड तेवढं ठेवलंत!"

त्याचं शास्त्र चोख होतं. पण डबा गोणीत ठेवला असता, तर दाजींनी तो जसा भरलेला तसाच आक्काच्या दारात नेऊन ठेवला असता. मग त्या दारात मला या जन्मी उभं राहता आलं नसतं. हे त्याला काट्यावर कसं दाखवणार? सॅक पुन्हा टांगली, सात किलोच्या आत बसली. नियम तो नियम.

चढताना डब्याची कडी प्रत्येक पावलाला पाठीत टोचत होती. ओढ्याच्या कडेला दोनदा बसलो, एकदा झाडाला मिठी मारून उभा राहिलो. पोरगी मागे वळून बघायची, मी लगेच बुटाची नाडी बांधायचो. पण पोचलो. माझी सॅक माझ्या पाठीवरून देवळापर्यंत गेली आणि ती खाली ठेवताना मला रडू आलं, ते मी घाम पुसतोय असं दाखवून पुसलं.

संध्याकाळी पंथातली मंडळी आपापल्या इवल्याशा मगात पूड कालवून फुंकर घालत बसली होती. मी डबा उघडला. वास सुटल्याबरोबर सगळ्यांचं वैराग्य डळमळलं. तांदूळ शिजवायला कुणाकडेच धड भांडं नव्हतं. सगळ्यांचे मग एकत्र केले तरी एकाचा भात झाला नसता. शेवटी डब्यातलं सगळं बाहेर काढून, तीन स्टोव्ह एकमेकांना चिकटवून, त्या डब्यातच भात शिजवला. खुरासणीच्या चटणीबरोबर तो कसा संपला ते कळलंही नाही. साबण सोडलेला माणूस बोटानं डब्याचा तळ पुसत होता.

लाडू मी वेगळे पुडीत बांधून ठेवले होते. ती पोरीच्या हातात दिली. "हे तुझे. माझ्या बहिणीनं दिलेत. गेल्या वर्षीचे."

"गेल्या वर्षीचे?" तिनं पुडीचा वास घेतला. "ताजे वाटतात की."

"तसं नाही. रतनगडला तू माझी सॅक वर नेलीस ना, त्याचे."

ती आठवायला लागली. खरोखर आठवायला लागली, कपाळाला आठ्या घालून. "ती तुमची होती का? मला वाटलं त्या पुण्याच्या काकूंची."

मी वर्षभर ब्रशाच्या दांड्या कापत होतो हो.

मॅट आणि जॅकेट पाचनईच्या गोणीत होतं, त्यामुळे रात्री थंडीनं माझे जे हाल झाले ते मी कुणाला सांगत नाही. सकाळी पोरीनं काळा पडलेला डबा वाळूनं घासून आणून दिला. हातात घेतला तर जड. आत खजूर आणि बदाम, तिच्याजवळचे सगळे. "रिकामा कसा देऊ, काका?" म्हणाली. नगरला वाढलेली, दात उपटणारी पोरगी, पण संस्कार बघा. खिरेश्वरची अख्खी उतरण मी तो डबा पुन्हा पाठीवरून उतरवला.

महिन्याभरानं दाजी कुणाच्या तरी लग्नाला शेवगावला आले. खांद्यावर माझी खताची गोणी. दुकानाच्या पायरीवर ती धाडकन टाकून त्यांनी कंबर धरली. "काय हो, लई जड हाय तुमचं सामान. एवढं घिऊन डोंगर चढता व्हय तुमी?"

उघडून बघितलं. माझी पिसासारखी मॅट, बोटभर स्टोव्ह, मग, सगळं जागेवर होतं. त्याच्यावर पाचनईच्या बाईंनी घातलेले पायलीभर तांदूळ होते आणि त्याच्याही वर आक्कानं घातलेले वाल. पाचनईची बाई माझ्या ओळखीची ना पाळखीची, एका चहाची ओळख. बायको गोणीकडे बघून एवढंच म्हणाली, "आता पाचनईला पण काहीतरी पाठवायला हवं," आणि दुकानातल्या फळीवरून एक नवा कडीचा डबा काढून तिनं बोटानं वाजवून बघितला. जाड पत्र्याचा निवडला.

येत्या रविवारी ग्रुप पुन्हा त्याच वाटेनं जाणार आहे. सॅक भरून दुकानातल्या काट्यावर ठेवली आहे. आतमध्ये ब्रशाची अर्धी दांडी, टॉवेलाचा चौथा हिस्सा, आक्काचा डबा आणि पाचनईचा डबा. पाचनईचा पायथ्यालाच उतरेल म्हणता, पण तो भरून माझ्याकडे परत येणार, एवढं आता मलाही कळतं. काट्यावरचा आकडा सातच्या वर गेलेला. मग त्या पोरीला फोन लावला.

"डॉक्टर, एक डबा तुझ्या सॅकमध्ये घेशील का?"

"घेते की काका. काय असेल त्यात?"

"ते पायथ्याला कळेल."

"चालेल," ती म्हणाली. मी पाचनईचा डबा बाहेर काढला आणि माझी सॅक सात किलोच्या आत आली.