आमची चूल वेगळी

माझा बा मालकाकडे सालदार होता. पाडव्याला कामाचा करार व्हायचा, तो पुढच्या पाडव्यापर्यंत. तेवढे दिवस बा, माय, मी आणि धाकटी बहीण मालकाच्या मळ्यातल्या टिनाच्या खोलीत राहायचो. भिंतीपलीकडे बैल, अलीकडे आम्ही.

मी चौथीत असताना जनगणना लागली. मोजणीला आमच्याच शाळेचे गुरुजी होते. मळ्यापर्यंत कुठे पायपीट करायची, म्हणून त्यांनी मालकाच्या ओसरीत बसूनच आमची नावं लिहून घेतली. बा तिथेच बैलांसाठी कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती उतरवत होता. घरी आल्यावर त्याने सहज सांगितलं की मोजणी झाली, मालकाच्या घरातच धरलं आपल्याला, गडीमाणसं म्हणून.

मायने विचारलं, माझं काय लिहिलं?

बा म्हणाला, मालकानं सांगितलं, बाई घरीच असते.

माय तेव्हा नुकतीच हळद काढून आली होती. नखांत माती, बोटं पिवळी.  दुसऱ्या दिवशी तिने कामावर खाडा केला आणि मला घेऊन शाळेत गेली. मला कशाला, तर मला वाचता येत होतं.

तिने गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, मालकाने सांगितलं तसं मी लिहिलं, आता कशाला खाडाखोड करता.

माय म्हणाली, "गुरुजी, मालकाच्या घरचं आमी खात नाई. आमची चूल येगळी हाये. येऊन पाहा."

गुरुजींनी मोजणीचं पुस्तक काढून पानं चाळली. एका स्वयंपाकावर जेवणारे ते एक कुटुंब, असं त्यात लिहिलेलं होतं. ते म्हणाले, थांबा. शाळा सुटल्यावर उन्हात आमच्याबरोबर मळ्यात आले, चूल पाहिली, आणि बाजेवर बसून आमचा वेगळा कागद भरला. मायला विचारलं, वर्षातून किती दिवस कामाला जाता? तिने निंदणापासून सुरुवात केली. सोयाबीन, तूर, हरभरा, हळद. मध्येच गुरुजी म्हणाले, पुरे, समजलं. मायने मला ती ओळ वाचायला लावली. तिच्या नावापुढे 'शेतमजूर' लिहिलं होतं. तिने ती माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतली.

दोन दिवसांनी मालक मळ्यात आला. माझ्या घरात तुमचं नाव लागलं तर काय कमीपणा होता, असं त्याने बाला विचारलं. बाने मान खाली घातली. माय शेणाची पाटी खाली ठेवून पुढे आली.

"काम तुमचं करतो, मालक. पण मानसं आमी आमच्या घरची हाओ."

पाडव्याला मालकाने दुसरा सालदार ठेवला. आम्ही सामान डोक्यावर घेऊन गावात चुलत्याच्या अंगणात आलो, तिथे कुडाची खोली घातली. बा कितीतरी दिवस मायशी धड बोलला नाही. एका ओळीपायी वर्षाचं काम घालवलं, असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. माय ऐकून घ्यायची आणि सकाळी विळा घेऊन निंदणाला निघायची. पुढे बासुद्धा तिच्याबरोबर रोजाने जाऊ लागला.

शिरपूरच्या बाजारात एकदा कोणीतरी त्याला विचारलं, औंदा कोणाकडे सालदार? मी शेजारीच उभी होते. बाने मायकडे पाहिलं.

"कोनाकडेच नाई," तो म्हणाला. "घरीच हाओ."

तो हे कौतुकाने म्हणाला की रागाने, ते मला अजून सांगता येत नाही. माय मात्र वांगी निवडता निवडता हसली.