कल्याणीचा बिनचूक मेसेज

परतूरचे जगन्नाथ सर म्हणजे इंग्रजीचा धाक. सारा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला, पण तोंडानं बोलायचे तेही फळ्यावर लिहिल्यासारखंच. एकदा रेल्वेत शेजारच्या परप्रांतीय माणसाला त्यांनी इंग्रजीत जरा सरकायला सांगितलं, तर तो बिचारा साहेबानं मेमो दिल्यासारखा उठून उभाच राहिला! बोलायची इंग्रजी वेगळी, लिहायची वेगळी, हे सरांना सांगणार कोण? आणि मोबाइलवरची? छे, ती तर त्यांच्या लेखी इंग्रजी नव्हतीच.

त्यांची एकुलती एक लेक कल्याणी बेंगळुरूला नोकरीला, खोली घेऊन एकटी राहणारी. तिचे मेसेज म्हणजे निव्वळ घाई. शब्द अर्धे तोडलेले, क्रियापद गायब, पूर्णविरामाचा पत्ता नाही. सर प्रत्येक मेसेज दुरुस्त करून, वर दहापैकी मार्क देऊन तिला परत पाठवायचे.

"अहो, ती गप्पा मारून राह्यली, पेपर न्हाई लिहून राह्यली," शरयूबाई, त्यांच्या पत्नी, कपाळाला हात लावायच्या. सर ऐकतील तर शपथ.

त्या दुपारी तिचा मेसेज आला. इंग्रजीतच. प्रिय बाबा, मी बरी आहे. आज मी कामात असेन, कृपया फोन करू नये. कॅपिटल अक्षरं जागच्या जागी, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं बराबर.

"सुधरली बाई एकदाची!" शरयूबाई खूश. सरांनी मेसेज पुन्हा वाचला आणि मान हलवली.

"हे कल्याणीनं लिहिलेलं न्हाई."

"मंग कोणी?"

तेच तर! कोणाच्या हातात होता पोरीचा फोन? सरांनी नंबर लावला. कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. बायकोसमोर घाबरायचं नाही म्हणून ते उठून खिडकीपाशी गेले. पोलिसांना सांगायचं तरी काय? मुलगी शुद्ध लिहायला लागली, वाचवा? लोक हसले असते. सरांना मात्र हसू सुचत नव्हतं. नको नको ते डोळ्यांपुढे येत होतं.

शेवटी त्यांनी मेसेज लिहायला घेतला. तपासायला सवड नव्हती. ठीक आहेस ना, बोल ना पोरी, एवढंच इंग्रजीत, तेही अर्ध्यामुर्ध्या शब्दांत, ना कॅपिटल ना विराम. तसाच पाठवून दिला.

लगेच फोन वाजला. "बाबा! काय झालं तुम्हाला? आई बरी आहे ना? असं कसं लिहिलंत तुम्ही?" कल्याणी रडत होती.

"आम्हाला काय धाड भरलीय! तू कुठं आहेस?"

"दवाखान्यात. सकाळी स्कूटीवरून पडले. पाय मोडलाय, उद्या ऑपरेशन आहे. आवाजावरून कळलं असतं, म्हणून फोन कट करत होते."

"अन् तो मेसेज कोणी लिहिला?"

"मीच. इथं खाटेवर पडल्या पडल्या, दहादा तपासून." ती जरा थांबली. "आज तुम्ही चुका काढून पाठवल्या असत्या ना बाबा, तर मला सोसलं नसतं."

शेजारी कान लावून ऐकणाऱ्या शरयूबाईंनी सरांच्या हातातून फोन ओढून घेतला. "रडू नको, आम्ही निघून राह्यलो," त्या म्हणाल्या.