अप्पा कस बघतात

माझे सासरे येसाजी, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे अप्पा, दुधाची पिशवीसुद्धा उजेडाकडे धरून बघतात. लग्न होऊन पुण्याहून मी कानडी मुलखात, राजाजीनगरच्या या घरात आले, त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, त्यात नक्की दिसतं काय? "मला काही दिसत नाही," ते म्हणाले, "पण दूधवाल्याला दिसतं की, हा माणूस बघून घेतो."

चिकपेठेत त्यांची जुन्या जरीच्या साड्या विकत घ्यायची गादी होती. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी ती बंद केली. लोक कपाटातली जुनी रेशमी साडी घेऊन यायचे, अप्पा तिच्या काठाची जर भट्टीत द्यायचे आणि निघेल ती चांदी विकायचे. या धंद्यात साडी विकणारा म्हणतो जर खरी आहे, भट्टीवाला म्हणतो चांदी निघालीच नाही, आणि दोघंही शपथा घालतात. अप्पांनी दोघांवरही विश्वास न ठेवता मुलगा शिकवला, घर बांधलं. त्यामुळे संशय हा दुर्गुण असतो हे त्यांना पटतच नाही. त्यांच्या हिशेबी ती अक्कल आहे, आणि ज्याच्याकडे ती नाही तो माझ्या सासूबाईंसारखा.

सासूबाई गोजराबाई, आमच्या अक्का, कुणावरही विश्वास ठेवतात. भाजीवाला तोलेल ते घेतात, रिक्षावाला नेईल त्या रस्त्याने जातात, आणि गंमत म्हणजे त्यांना सहसा कुणी फसवत नाही. अप्पांना याचा फार राग येतो.

यंदा थंडीत अक्कांना खोकला लागला आणि तो जाईचना. आलं, ज्येष्ठमध, मेडिकलवाल्याने दिलेलं सिरप, सगळं झालं. अशातच सरकारी दवाखान्यातली प्रेमा आमच्या दारात आली. आमच्या भागात घरोघर क्षयाची तपासणी चालू होती. प्रेमा कानडी बोलते, आवाज मोठा, पायात कायम घाई. अक्का बोलता बोलता दोनदा खोकल्या तशी ती आत येऊन बसली. अक्कांची तर तिने चौकशी केलीच, पण अप्पांचं वय, साखर आणि सैल झालेला शर्ट बघून त्यांनाही वजनकाट्यावर उभं केलं. वजन बरंच उतरलं होतं.

"काटा बिघडलाय तुझा," अप्पा म्हणाले.

"मग शर्ट किती दिवसांपासून सैल होतोय, अप्पाजी?"

"शिंप्याने मापात मारलंय."

प्रेमाने वाद घातला नाही. दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावून दोन प्लास्टिकच्या बाटल्या ठेवल्या. सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुवायच्या आधी, आतून खाकरून बेडका काढायचा आणि बाटलीत द्यायचा. दुसऱ्या दिवशी ती येऊन घेऊन गेली. बाटल्या अप्पांनीच तिच्या हातात दिल्या. अक्कांना चष्म्याशिवाय पहाटेचं काही दिसत नाही, म्हणून त्यांची बाटलीही अप्पांनीच पुढे धरली होती. बायकोसाठी एवढं करताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

त्या दिवशी अप्पांनी हुकूम काढला. निकाल येईपर्यंत अक्कांनी आशूला उचलायचं नाही.

आशू म्हणजे आमची आश्लेषा, दोन वर्षांची. माझा नवरा अभिमन्यू इंदिरानगरच्या ऑफिसात जातो, मी आठवड्यातले तीन दिवस बाहेर असते. पोरगी वाढली ती अक्कांच्या मांडीवर. त्यांच्या हाताशिवाय ती जेवायची नाही. हुकूम ऐकून अक्का पदर तोंडावर धरून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. त्यांनी स्वतःचं ताट-वाटी वेगळं केलं. मलाही त्यात वावगं वाटलं नाही, टीबीच तो, पोराला जपायलाच हवं. आशूला अप्पांनी घेतलं. तिला भरवायचे, मांडीवर झोपवायचे, गालाला गाल लावून तिला बोलायला शिकवायचे. पहिल्यांदा ती अक्कांसाठी रडली. मग रडायची थांबली. मग अप्पांचीच झाली.

निकाल मात्र येईना. दवाखान्यात विचारलं की आज मशीनचं सामान आलं नाही, उद्या सर्व्हर बंद, परवा सुट्टी. मी मुकाट्याने ऐकून घ्यायचे. अप्पांना दर उत्तरात काहीतरी शिजतंय असा वास यायचा. "बाटल्या हरवल्यात त्यांनी. आता काय लिहायचं ते ठरवायला लागलेत," ते म्हणायचे. आवाज बदलून दवाखान्यात फोन करायचे आणि आपण येसाजींचे मेहुणे आहोत असं सांगायचे. पलीकडची बाई शांतपणे म्हणायची, "अप्पाजी, अजून आलं नाही."

एकदा तर ते दवाखान्यासमोरच्या बाकावर सकाळपासून दबा धरून बसले. नमुन्यांचा थंड डबा घेऊन जाणारी व्हॅन निघाली तशी रिक्षा करून तिच्या मागे गेले. संध्याकाळी घरी येऊन मला दरडावून सांगितलं, "रस्त्यात व्हॅन थांबली. ड्रायव्हर उतरला आणि उभ्याने वडा खाल्ला."

"मग?"

"डबा आत, तो बाहेर. मधल्या वेळात कोण काय बदलेल, तुला ठाऊक आहे?"

"अप्पा, लोकांचा बेडका कोण चोरणार?"

"चोरायचं कशाला? बदलायचा," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली होती. त्या दिवशी ते घामाने निथळत होते, आणि रिक्षाची सीट रेक्झिनची होती म्हणून, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

शेवटी प्रेमाचा फोन आला तो माझ्याच मोबाईलवर. मी त्या दिवशी घरीच होते. अप्पांचा निगेटिव्ह, अक्कांचा पॉझिटिव्ह. दुपारी गोळ्या घेऊन येते, घाबरू नका, पुरा कोर्स घेतला की बरं होतं, असं ती भराभर बोलत होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. अक्कांनी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. अप्पा आशूला उप्पिट भरवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. थोडंथोडकं नाही, चांगलं या कानापासून त्या कानापर्यंत.

"वाटलंच होतं मला," ते म्हणाले आणि आशूच्या तोंडात पुढचा घास घातला.

माझं डोकंच फिरलं. बायकोला क्षय झालाय आणि हा माणूस हसतो? इतकी वर्षं सोबत काढलेल्या बाईबद्दल याला काहीच वाटत नाही? मग एकेक गोष्ट आठवायला लागली. अक्कांना आशूपासून तोडायची घाई, पोरगी आपल्याकडे ओढून घेणं, बाटल्या स्वतः हातात ठेवणं. म्हातारपणी माणूस नातीवरून बायकोचा हेवा करतो का? काय वाटेल ते मनात येऊ लागलं. मी आशूला त्यांच्याकडून घ्यायला गेले तर त्यांनी ती दिली नाही. "असू दे माझ्याजवळ. मी धडधाकट आहे, सरकारनेच सांगितलंय," म्हणाले आणि पुन्हा हसले. मला त्यांची भीती वाटली, अगदी खरं सांगते.

दुपारी प्रेमा गोळ्यांची पाकिटं घेऊन आली. अप्पा आशूला काखोटीला मारून दारात आडवे उभे राहिले.

"एक गोळी द्यायची नाही तिला," ते कानडीत ओरडले. "तुमचं सगळं बिंग मला कळलंय."

"काय झालं, अप्पाजी?"

"बाटल्या मी बदलल्या होत्या!"

अक्काही आतून बाहेर आल्या. अप्पा खुर्चीत बसले, आशूला मांडीवर घेतलं आणि गादीवर बसल्यासारखे ऐटीत सांगू लागले. भट्टीवाला नवा असला की चिकपेठेतले जुने लोक त्याला दोन पुड्या द्यायचे, एक खऱ्या जरीची, एक खोट्या जरीची, आणि चिठ्ठ्या मुद्दाम उलट लावायच्या. जो खरंच जाळून बघतो तो म्हणतो, चिठ्ठी चुकलीय. जो लबाड असतो तो चिठ्ठी वाचतो, गिऱ्हाइकाचं तोंड बघतो आणि तसंच सांगतो. त्यांनी इथेही तोच कस लावला होता. अक्कांच्या नावाची बाटली स्वतः भरली होती, आणि आपल्या नावाची अक्कांना दिली होती.

"खोकणारी कोण? ही. हिचा बेडका माझ्या नावावर गेला. खरंच बघितलं असतं तर येसाजीला टीबी आहे म्हणून आलं असतं. आलं काय? गोजराबाई! म्हणजे कुणी बघितलंच नाही. ही प्रेमा जाऊन सांगून आली की बाई खोकते, आणि तिकडे लिहून टाकलं. सापडले की नाही चोर?"

प्रेमाने कपाळावरचा घाम पुसला. "अप्पाजी, तिथे मशीन आहे. मी फक्त डबा देते. बाटलीबरोबर कुणाचा खोकला पाठवत नाही."

"तू तर तसंच म्हणणार."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता आणि तो मला नको होता. पण बोलल्या त्या अक्का. आयुष्यात त्या चिकपेठेच्या गादीवर एकदाही बसल्या नव्हत्या.

"अहो, भट्टीवाल्याला पुड्या द्यायच्या आधी, खरी कुठली आणि खोटी कुठली, हे तुम्हाला ठाऊक असायचं की नाही?"

"असणारच. त्याशिवाय कस कसा बघणार?"

"मग इथे तुम्हाला काय ठाऊक होतं?"

अप्पांना प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"मी खोकते म्हणून मी खोटी जर, आणि तुम्ही खरी. हे कुणी ठरवलं? कुणी जाळून बघितलं होतं?" अक्कांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या नावाच्या बाटलीत तुमचं होतं. त्यात सापडलंय. रोज सकाळी तुमचे बनियन मी धुते. भिजवण्याआधीच ओले असतात."

"तो उकाडा..."

"थंडीत?"

अप्पांनी तोंड उघडलं. शिंपी, काटा, रेक्झिनची सीट, काहीतरी येईल असं वाटलं. त्यांचा हात सैल शर्टाकडे गेला. मी गेल्या महिन्यातला त्यांचा चेहरा आठवून बघत होते आणि मला कळत होतं की घरात सगळ्यांत वाळलेला माणूस कोण, हे आम्ही बघतच नव्हतो, कारण आम्ही सगळे खोकला ऐकत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी सरकारचा कस बघायला बाटल्या बदलल्या, आणि सरकारने मुकाट्याने त्यांचं नेमकं दुखणं हातात ठेवलं, वर नाव मात्र बायकोचं.

प्रेमा म्हणाली की असं अंदाजाने चालणार नाही, उद्या दोघांचा नमुना पुन्हा घ्यावा लागेल, एक्स-रेही काढू. तोवर गोळ्या कुणालाच देत नाही. मग तिने मांडीवरच्या आशूकडे बघितलं आणि विचारलं, "मगूला, या लेकराला, कोण सांभाळतं?"

आमची नजर अप्पांच्या मांडीवर गेली. तिने ते ओळखलं. "तिलाही उद्या आणा," ती हळू आवाजात म्हणाली. "लहान मुलांना आधीच औषध देतात, काळजी करू नका."

मी भिंतीला टेकले. त्यांच्यावर ओरडावं असं फार वाटलं, म्हणून अप्पांकडे वळले. ते स्वतःचे हात बघत होते. त्याच हातांनी सकाळी उप्पिट भरवलं होतं.

"मला सांगायचं तरी होतंत," अक्का म्हणाल्या. आता त्यांचा आवाज फुटला. "बाटली बदलली, बदलली. एवढे दिवस पोरीला हात लावला नाही मी. दाराआडून बघायचे. ती झोपली की बघायचे."

अक्का न्हाणीघरात गेल्या, हात कोपरापर्यंत धुतले, पदराने पुसले आणि येऊन आशूला त्यांच्या मांडीवरून उचललं. पुन्हा तपासणी व्हायची होती, निकाल यायचा होता, आणि पुराव्याशिवाय जन्मात काही न मानलेल्या त्या माणसाने या वेळी पुरावा मागितला नाही. पोरीला धरलेला हात त्यांनी स्वतःच सोडवून घेतला.

आशूला काही कळेना. अक्कांच्या कडेवर ती ताठ झाली, मग मोठ्याने रडायला लागली आणि दोन्ही हात अप्पांकडे पसरून त्यांनाच बोलवू लागली. अक्का तिला थोपटत होत्या, स्वतःही रडत होत्या, पण पोरगी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवायला तयार नव्हती. अप्पा उठले. तिच्याकडे एक पाऊल टाकलं, थांबले, तोंडावर पंचा धरला आणि दाराबाहेर जाऊन जिन्यात बसले. तिथून त्यांचा आवाज येत होता, "अक्काकडे राहा गं राणी. अक्काकडे राहा."